काविळीत मला काहीच पिवळं दिसलं नाही

मागे एकदा मला कावीळ झाली होती. साधीसुधी नाही, चांगले तीन आठवडे अंथरुणात घालवले. आजारी माणसाकडे दुसरं काही नसलं तरी वेळ मात्र रग्गड असतो, त्यामुळे मी एक रिकामटेकडा प्रयोग चालू केला की आपल्याला खरंच सगळं पिवळं दिसतंय का ते बघायचं. लहानपणापासून ऐकत आलोय ना, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणून. तर चादर बघितली, पांढरी. भिंत, पांढरी. औषधाच्या बाटलीचं झाकण, पांढरं. रिपोर्टवर बिलिरुबिनचा आकडा बघवत नव्हता आणि ज्या कागदावर तो छापला होता तो कागद दुधासारखा पांढरा. शेवटी डॉक्टरांना विचारलं, ते हसले आणि म्हणाले इतक्या वर्षांत एकाही पेशंटने तशी तक्रार केलेली नाही.

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. ही म्हण किती जुनी, आणि तेवढ्या काळात किती लोकांना कावीळ होऊन गेली असेल, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवलं असेल की असं काही होत नाही, तरी म्हण ठणठणीत! काविळीतून उठलेला माणूससुद्धा चार दिवसांनी कुणाशी भांडताना "कावीळ झालीय तुला" असं बिनधास्त म्हणत असणार. मी पण म्हटलंय, नंतर.

पिवळा दिसत होतो तो मी. आणि ते मला कळलंच नव्हतं, मावशी सहज भेटायला आली, दारातच थबकली, म्हणाली अरे डोळे बघ आरशात. रोज दाढी करताना मी त्याच आरशात बघत होतो. त्याच्या दोन दिवस आधी एक मित्र येऊन समोर तासभर बसून गेला होता, मी त्याला थकवा आहे, भूक नाही, सगळं रामायण सांगितलं, त्याच्याही लक्षात आलं नाही. त्या मित्राकडे नंतर येतो.

मला वाटतं ती म्हण आपल्याला थोडी फसवते. आपली समजूत अशी होते की माणसाचा जगाकडे बघायचा दृष्टिकोन वाकडा असला तर त्याला जग रंगीत, वेडंवाकडं, काहीतरी विचित्र दिसत असणार. तसं होत असतं तर किती सोपं झालं असतं, सकाळी उठल्यावर चादर पिवळी दिसली की समजायचं आपलं काहीतरी बिघडलंय. पण होतं उलटं, चादर पांढरीच दिसते. सगळं अगदी नॉर्मल दिसतं आणि समोरचा वेडा वाटतो.

कागद-पेन हाताशी असेल तर एक करून बघा. कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे साधारण ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा (ठिपक्याकडे बघायचा मोह होतो, बघायचं नाही) आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब होतो. अजून जवळ आणला की परत हजर. डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे निघते तेवढ्या जागेवर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून असं होतं. मारिओत नावाच्या फ्रेंच माणसाने हे १६६० च्या दशकात दाखवलं, त्याआधी हजारो वर्षं प्रत्येक माणूस डोळ्यात ही रिकामी जागा घेऊनच फिरत होता. आणि ठिपका जातो तेव्हा तिथे काळं भोक दिसत नाही हो! तिथे कागद दिसतो, पांढरा, सलग. रेघांचा कागद घेतला तर रेघासुद्धा पुढे गेलेल्या दिसतात. म्हणजे मेंदू आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि तेच तिथे भरून टाकतो, वर आपल्याला काही सांगतही नाही.

आता हा झाला डोळा. पण "जग असं असं आहे" ही जी आपली डोक्यातली पक्की समजूत असते ना, ती पण मला अशीच गिलावा करताना दिसते.

केप्लरचं उदाहरण मला फार आवडतं. केप्लर म्हणजे कुणी ऐरागैरा नाही, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा माणूस. १६०७ च्या मे महिन्यात त्याचं गणित असं होतं की बुध ग्रह सूर्याच्या समोरून जाणार. तेव्हा दुर्बीण नव्हती, म्हणून त्याने छोट्या भोकातून येणारी सूर्याची प्रतिमा कागदावर घेतली, आणि त्यावर खरंच एक काळा ठिपका दिसला. झालं, बुध सापडला! दोन वर्षांनी त्याने ते छापूनसुद्धा टाकलं. प्रत्यक्षात तो सूर्यावरचा डाग होता. पुढे दुर्बिणी आल्या, १६११ च्या सुमारास तीन-चार जणांनी सूर्यावरचे डाग बघितले, मग केप्लरने चूक कबूल केली. म्हणजे त्याला ठिपका दिसला होता, डोळ्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं, पण त्या ठिपक्याला "डाग" म्हणायची सोयच त्याच्या आकाशात नव्हती. सूर्य म्हणजे निर्मळ, आकाशातलं सगळं परिपूर्ण, हे अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं. क्रिस्टोफ शायनर नावाच्या जेझुइट पाद्र्याने तर दुर्बिणीतून डाग नीट बघितले, त्यांची चित्रं काढली, आणि तरी १६१२ मध्ये लिहिलं की हे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह असणार, सूर्य निष्कलंकच आहे. (त्यानेही नंतर मत बदललं, आणि पुढे बरीच वर्षं बसून डागांवर भलामोठा ग्रंथ लिहिला. आपल्यापैकी किती जण एवढं करतील?)

आणि चीनमध्ये इसवी सनपूर्व २८ मध्ये सूर्यात काळं काहीतरी दिसल्याची चक्क नोंद आहे. नुसत्या डोळ्यांनी. मोठे डाग असतील तर धुक्यात किंवा मावळतीला दिसू शकतात, युरोपातल्या लोकांनाही दिसत असणारच, सूर्य काही वेगळा नव्हता. फरक एवढाच की तिकडे आकाशात घडणारा बदल म्हणजे राज्यकारभाराबद्दलचा इशारा असं मानायचे, त्यामुळे आकाशाकडे बघून टिपणं ठेवायला दरबारी माणसं नेमलेली होती. आकाश बदलतं हेच गृहीत धरलेलं, मग बदल दिसणारच.

इथपर्यंत आलं की लोक एकदम पूर्वेकडचे लोक किती मोकळ्या मनाचे वगैरे चालू करतात. थांबा. त्याच चीनमधल्या बहुतेक विद्वानांच्या चित्रात पृथ्वी सतराव्या शतकापर्यंत सपाट होती, आणि ती गोल आहे हे ग्रीकांनी जवळजवळ दोन हजार वर्षं आधी ग्रहणातल्या सावलीवरून ओळखलं होतं. ग्रहणं दोघांनाही दिसत होती. चिनी लोकांकडे तर ग्रहणांच्या नोंदीही कितीतरी होत्या. सावलीची कड गोल आहे हे दिसलंच असणार, पण त्या गोल कडेला विचारायचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. एकाला डाग दिसला नाही, दुसऱ्याला सावली. असंच असतं, ज्या खिडकीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते तिचीच चौकट दुसरी गोष्ट झाकते.

पत्त्यांचा एक प्रयोग आहे, १९४९ चा, जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन या दोघांनी केलेला. लोकांना क्षणभर एकेक पत्ता दाखवायचा आणि कुठला होता ते विचारायचं. त्यात काही पत्ते मुद्दाम चुकीचे बनवलेले, लाल इस्पिक, काळा बदाम असे. बऱ्याच जणांनी लाल इस्पिकाला सरळ इस्पिक म्हणून टाकलं, किंवा सरळ बदाम, काही अडखळणं नाही, काही नाही. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की काही जणांना मधलाच रंग दिसला, जांभळट, तपकिरी. म्हणजे डोळा म्हणतो लाल, डोकं म्हणतं काळा, मग दोघांची तडजोड! नेहमीचा पत्ता ओळखायला जेवढा वेळ लागत होता त्याच्या साधारण चौपट वेळ असले पत्ते ओळखायला लागला. पण एकदा ट्यूब पेटली की अरे इथे लबाडीचे पत्ते आहेत, की मग पुढचे पटापट ओळखता यायला लागले. डोळे तेच होते, फक्त लाल इस्पिक असू शकतं हे माहीत झालं.

भाषेचंही तसंच. त आणि ट यातला फरक आपल्याला झोपेतसुद्धा ऐकू येतो, पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला विचारा, त्याला दोन्ही एकच वाटतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा त-ट फरक कळतो आणि दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो कान गेलेला असतो. वर्षाच्या आत! बाळ आपल्या घरची भाषा शिकतं म्हणजे काय तर बाकीच्या भाषांतले आवाज ऐकायचं सोडून देतं.

हे वाचून मला आधी गंमत वाटली, बिचारे इंग्रज, वगैरे. मग एक प्रसंग आठवला आणि गंमत ओसरली. ऑफिसच्या कॉलवर परदेशातला एक सहकारी मला म्हणाला की तू व्ही आणि डब्ल्यू सारखेच म्हणतोस. मी म्हटलं नाही, बघ, आणि दोन्ही म्हणून दाखवले. तो म्हणाला परत तेच म्हणालास. असं आठ-दहा वेळा झालं, मला शप्पथ घेऊन वाटत होतं की मी दोन वेगळे आवाज काढतोय आणि हाच माझी खेचतोय, आणि बाकीचे कॉलवरचे लोक म्यूट करून हसत होते बहुतेक. मराठीत दोघांनाही एकच व. पश्चिम दिशा ती वेस्ट आणि बनियन तो पण वेस्ट, लिहितानाही फरक नाही. व्हीच्या आवाजाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि डब्ल्यूच्या आवाजाला ओठांचा चंबू होतो. आता आरशासमोर केलं तर मला ते दिसतं, पण समोरचा बोलताना ऐकू अजूनही धड येत नाही. उलट "जरा थांब" मधला जरा आणि म्हातारपणाच्या अर्थाची जरा, लिहायला अगदी एकच, पण यातले दोन ज मला लख्ख वेगळे ऐकू येतात आणि ज्याची मराठी नाही त्याला दहा वेळा सांगून कळत नाही. तेव्हा तोही माझ्याकडे तसंच बघतो जसं मी त्या सहकाऱ्याकडे बघत होतो.

वैद्यकातली एक गोष्ट मात्र यापेक्षा गंभीर आहे. जठरात इतकं अ‍ॅसिड असतं की तिथे जंतू राहूच शकत नाहीत, हे डॉक्टर मंडळींना पक्कं माहीत होतं, आणि अल्सर होतो तो टेन्शनमुळे, खाण्यापिण्यामुळे, अ‍ॅसिड वाढल्यामुळे हेही पक्कं. अधूनमधून कुणाला तरी जठरात जंतू दिसायचे, आधीच्या शतकभरात असे रिपोर्ट आलेले होते, पण ते बाहेरून आले असतील म्हणून सोडून दिले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला बायोप्सीत वळणदार जंतू दिसले आणि त्याने ते सोडून दिले नाहीत. मग बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला आला. दोघांनी ते जंतू लॅबमध्ये वाढवायचा प्रयत्न केला तर एकामागून एक प्लेटवर काहीच येईना. कारण काय, तर लॅबची पद्धत अशी होती की दोन दिवसांत काही उगवलं नाही तर प्लेट फेकून द्यायची. बाकीच्या जंतूंसाठी ते बरोबरच होतं. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आली आणि काही प्लेटा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांच्यावर ते जंतू उगवलेले! हेलिकोबॅक्टर पायलोरी. हळू वाढणारा जंतू, त्याला जास्त दिवस लागतात एवढंच. पुढे १९८४ मध्ये मार्शलने स्वतः ते जंतू पिऊन दाखवले, जठराला सूज आणली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

जंतू पिण्याचा किस्सा सगळे सांगतात. मला मात्र त्या लॅबमधला कचऱ्याचा डबा आठवत राहतो. त्या डब्यात जे टाकलं जात होतं त्यातच उत्तर होतं, आणि टाकणारा माणूस मूर्ख नव्हता, आळशी नव्हता, शिकवलेलं काम नीट करत होता. दृष्टिकोन म्हटलं की आपल्याला काहीतरी मोठं तत्त्वज्ञान वाटतं, धर्म, विचारसरणी, डावे-उजवे. पण बहुतेक वेळा तो असा "४८ तासांनी फेका" या रूपात असतो, भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेत. तिथे त्याला कुणी दृष्टिकोन म्हणत नाही, पद्धत म्हणतात.

आणि याच गोष्टीमुळे मला "सगळे आपापल्या चष्म्यातून बघतात रे" हे वाक्य ऐकलं की चिडायला होतं. कुठलाही वाद रंगात आला की कुणीतरी ते टाकतो आणि विषय मिटवतो. एक तर चष्मा काढून ठेवता येतो, इथे चष्म्याच्या आत नुसते डोळे असं काही नसतंच. आणि दुसरं म्हणजे त्यातून असं सुचवलं जातं की सगळेच सारखे बरोबर. नाही ना! अल्सर झालेल्याच्या पोटात जंतू होते म्हणजे होते, डॉक्टरांचा चष्मा काहीही असो. ती आंधळे आणि हत्तीची गोष्ट पण तशीच, सगळ्यांना हत्तीचा एकेक भाग सापडला म्हणून आपण कौतुकाने सांगतो, पण सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असतो हे सोयीस्कर विसरतो. गोष्ट सांगताना आपण कायम त्या डोळस माणसाच्या जागी उभे असतो, सोंड धरून बसलेल्याच्या जागी कधीच नाही.

तज्ज्ञ लोक आंधळे असतात असाही एक सूर हल्ली निघतो, तोही मला पटत नाही. २०१३ मधला एक प्रयोग यासाठी हमखास सांगितला जातो: २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र चिकटवलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना दिसला नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून गेलेली, हे कॅमेऱ्यात आलेलं. लोक इथेच थांबतात आणि हसतात. पण त्याच प्रयोगात काहीही शिक्षण नसलेल्या लोकांनाही तेच स्कॅन दिले होते आणि त्यांच्यातल्या एकालाही गोरिला दिसला नाही, वर गाठीही फार कमी सापडल्या. म्हणजे काही न शिकता गेलात तर सगळं दिसेल असं मुळीच नाही. मला सीटी स्कॅन दाखवला तर मला ढग दिसतात.

आता तो मित्र. सिव्हिल इंजिनिअर आहे. कावीळ कळायच्या दोन दिवस आधी आला होता तेव्हा मी कॉटवर आणि तो समोर खुर्चीत, आणि मी माझी रडगाणी गात असताना हा माझ्या डोक्याच्या वर बघत होता. मध्येच म्हणाला, ही भेग कधीची? मी मान वळवून बघितलं तर खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी गेलेली भेग. त्या खोलीत मी सहा वर्षं झोपतोय. तो उठला, खुर्चीवर चढला, नखाने भेगेची कड चाचपली, मग सांगायला लागला की प्लास्टर सुकताना येणाऱ्या केसासारख्या भेगा वेगळ्या, त्या जाळीसारख्या पसरतात, ही तिरकी आहे आणि कोपऱ्यातून निघालीय, पाया कुठे थोडा खचतोय का बघावं लागेल. खिशातून पेन्सिल काढून भेगेच्या दोन्ही टोकांना आडव्या खुणा केल्या, शेजारी तारीख घातली, म्हणाला ही पुढे सरकली तर कळेल.

मग तीन आठवडे मी त्याच खोलीत पडून होतो आणि विश्वास ठेवा, मला त्या भेगेशिवाय काहीच दिसायचं नाही. बाकी भिंत होती का नव्हती काय माहीत.

मावशीने पकडल्यावर मी त्याला फोन केला, अरे तू तासभर समोर होतास, माझे डोळे पिवळेजर्द होते, तुला दिसलं नाही? तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, मला वाटलं बल्बचा उजेड पडलाय. खोलीत ट्यूबलाइट होती.

गेल्या आठवड्यात त्याच्याच सांगण्यावरून भिंतीचा फोटो काढून पाठवला. दीड वर्षात भेग पेन्सिलच्या खुणेपासून तसूभर सरकलेली नाही, मी स्वतः जवळ जाऊन, टॉर्च मारून खात्री केली होती, जरा अभिमानानेच पाठवला फोटो. पाच मिनिटांत त्याचा रिप्लाय आला. भेग ठीक आहे, पण खाली डाव्या कोपऱ्यात ओल कधीपासून आहे?

मी फोटो झूम करून बघितला.